कौसल्याकाकूनं फिरवलेली मान

पांढरकवड्याहून आत वळलं की टेकडीच्या पोटाशी आमचं खैरधरा लागतं. तिथे कौसल्याकाकूच्या पायाखाली कधी पाठ दिली नाही, असा मोठा माणूस शोधून सापडला नसता. काकू पायाळू. आईच्या पोटातून तिचे पाय आधी आले, डोकं मागून. सुईण घाबरली, पण बाहेर बसलेली म्हातारी माणसं हसली म्हणतात. गावाला एक पायाळू लागतोच, आणि आधीचा नुकताच गेला होता.

पायाळू माणसाचा डावा पाय पाठीला लागला की उसण उतरते, ही आमच्याकडची जुनी समजूत. सकाळी चूल पेटायच्या आधी यायचं, उंबऱ्याजवळ पालथं झोपायचं, तोंडानं काही बोलायचं नाही. काकू अंगणातून येई, ओला पाय कमरेवर हलकेच टेकवी, दाबीत नसे, आणि मागे न पाहता आत निघून जाई. उठलेल्या माणसानंही मागे न पाहता घरी जायचं. बदल्यात सुपारीचं खांडसुद्धा चालत नसे. घेतलं की गुण गेला.

गावातल्या गावातच तिला सासरी आणलं तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची होती, सावळी, हाडापेरानं मजबूत. सासू कडक होती. पण एका सकाळी त्याच सासूची कंबर धरली आणि सुनेच्या पायाखाली तिला पालथं व्हावं लागलं. त्या दिवसापासून त्या घरात कौसल्येचा शब्द चालू लागला. पुढे नवरा गेला, मुलगा कर्ता झाला, सून आली, तरी गावात तिचा मान तसाच राहिला. लग्नात बायका तिला पुढे बसवीत. पाटलाच्या घरची माणसंसुद्धा सकाळी मुकाट्यानं तिच्या दारात येत. ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्याच्या रानात कापूस वेचला, तिच्यापुढे गाव असं पालथं पडत असेल तर ती ताठ चालणारच. काकू ताठ चालायची, आणि ते तिला शोभायचं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पाय टेकवल्यानं कुणाचं काही बिघडलं नाही.

मग कापसाची ती वर्षं आली. बियाणं महाग झालं, तरी अळी बोंडाच्या आत जाऊन बसू लागली. फवारणी वाढत गेली, एकीवर एक, आज हे औषध तर उद्या त्यात दुसरं मिसळून. कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली, तिच्यात पाठीवर पंप बांधून, मान वर करून दिवसभर फिरायचं. कमरेपेक्षा माना धरू लागल्या. माणसं काकूकडे येऊन म्हणू लागली, ‘‘काकू, मान लॉक झाली. काही करा ना.’’

मान पायाळूच्या वाट्याची नव्हे. मानेवर पाय ठेवायची रीतच नाही. पण दारात आलेल्या माणसाला ‘माझ्याच्यानं होत नाही’ म्हणायची काकूला सवय नव्हती. तालुक्याला एक न्हावी दाढी झाल्यावर गिऱ्हाइकाची मान कडकन मोडून देतो, ते तिनं उभ्या उभ्या पाहिलं होतं. तिनं हातानं मान फिरवायला सुरुवात केली. एक हात हनुवटीखाली, एक डोक्यामागे, बोलता बोलता माणसाला ढिलं सोडायला लावायचं आणि एकदम झटका. हाड वाजे. माणूस ‘हाय रे’ म्हणून हसे, मान डावी-उजवी हलवून पाही. पायाचा गुण दिसायला सकाळची संध्याकाळ होई. हाताचा आवाज तिथल्या तिथे ऐकू येई. अंगणात बसलेल्या बायका तो आवाज ऐकून माना डोलवीत. काकूला तो आवाज आवडायला लागला.

सून अर्पिता बारावी शिकलेली. ती एकदा म्हणाली, ‘‘आई, पाय लावा, पण मान नका फिरवू. नसा असतात तिथं.’’

काकू म्हणाली, ‘‘तू पोळ्या फिरव.’’

ज्या भादव्यात फवारणीची विषबाधा होऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात खाटा पुरेनात, त्या भादव्यातली ही गोष्ट. नासिर मिस्त्रीचं पांढरकवड्याला हायवेच्या कडेला दुकान. फवारणीचे पंप दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. चाळिशीच्या आतला, बोलका, गालात सतत तंबाखू-सुपारीचा खर्रा. हंगामात दिवस-दिवस तो पंपावर मान वाकवून बसे. त्या दिवशी काकूच्या मुलाचा पंप पोचवायला तो स्वतः मोटारसायकलवर आला. अंगणात तीन-चार बायका टेकल्या होत्या.

‘‘काय मिस्त्री, बगळ्यावानी एका अंगानं काहून पाहून राह्यला?’’ काकूनं विचारलं.

‘‘मान जाम झाली मावशी. नट गंजला.’’

‘‘मंग बस इथं. तू लोकायचे पंप खोलतं, आज तुले खोलतो.’’

बायका हसल्या. नासिरही हसला आणि बाजेवर बसला. काकूनं मान धरली, फिरवली. आवाज आला नाही. नासिर अजून आखडलेलाच होता. बायका पाहत होत्या. त्यातली एक दुसरीला हळूच काही बोलली. बोलली ते कदाचित दुसरंच असेल. काकूनं ओठ आवळले, मान पुन्हा धरली आणि सगळं बळ लावून झटका दिला.

आता आवाज आला. नासिर थोडा वेळ डोळे मिटून बसला. ‘‘काजवे चमकले मावशी,’’ म्हणाला. मग पाणी प्यायला, मान हलवून दाखवली, आणि गाडीला लाथ मारून निघून गेला. मानेच्या मागे दुखतच राहिलं हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

दोन दिवसांनी दुकानातच तो कोसळला. सगळं गरगर फिरत होतं, ओकाऱ्या थांबेनात, उचकी लागली ती लागलीच. उठवून उभं केलं तर डाव्या अंगावर झुकून पडे. डावी पापणी अर्ध्यावर उतरली, आवाज घोगरा झाला, पाणी घशाखाली जाईना. दिवसभर औषधाच्या पंपात हात घालणारा माणूस. कुणाला दुसरी शंका येणार? बायको गझाला त्याला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली आणि त्याला विषबाधेच्या वॉर्डात टाकलं.

बातमी खैरधऱ्यात आली तेव्हा काकू रानात तण निंदायला गेली होती. बायका म्हणाल्या, ‘‘फवारणीनं पडला वो मिस्त्री.’’ काकूचे हात थांबले. मग ती म्हणाली, ‘‘त ना काय! दिवसभर ते जहर हुंगते. हातमोजे घालत नाही, तोंडाले फडकं नाही. म्या कितीकदा सांगतलं.’’

असं तिनं कधीच सांगितलं नव्हतं. पण त्या दिवशी ती सगळ्यांपेक्षा जास्त आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं बोलली. संध्याकाळी पाणवठ्यावर बोलली, दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत बोलली. जो भेटेल त्याला विषाचं सांगत सुटली. अर्पिता ऐकत होती आणि काही म्हणत नव्हती.

दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, मेंदूच्या. बारीक अंगाच्या, भरभर चालणाऱ्या. त्यांनी नासिरच्या डोळ्यांत बॅटरी मारली. विषानं बाहुल्या बारीक होतात, पण दोन्ही डोळ्यांच्या. नासिरची एकच बारीक होती, पापणी उतरलेल्या डोळ्याची. त्यांनी त्याला त्या वॉर्डातून हलवलं आणि मेंदूचा एमआरआय करायला लावला. मेंदूच्या मागल्या भागात एक लहानसा तुकडा रक्तावाचून सुकला होता, आणि मानेतून वर येऊन त्याला रक्त पुरवणारी नस सुतासारखी बारीक दिसत होती.

काकू डबा घेऊन भेटायला गेली ती त्या दिवशी. गावातलं कुणी आजारी असलं आणि आपण गेलो नाही तर दिसतं, म्हणून गेली. बरोबर अर्पिता. नासिरच्या नाकात नळी होती. त्यानं काकूला पाहिलं आणि पापणी उतरलेल्या डोळ्यासकट हसायचा प्रयत्न केला. काकूनं डब्याकडे पाहिलं.

गझालानं त्यांना व्हरांड्यात आणून सांगितलं. ‘‘मावशी, जहर नाही म्हणतात. नस बारीक झाली. आता ते काहून झाली तेच समजून नाही राह्यलं. मॅडम म्हणे, तीन गोष्टी असू शकतात. खर्ऱ्यानं नसेत चरबी जमते, नाहीतर नसेले सूज येते, नाहीतर नस आतून फाटते. तिघायचं औषध अलग. यायले विचारलं, मानेले झटका बसला काय, पडले काय, कोनी मान मोडली काय. हे मानेनंच नाही म्हणून राह्यले. दोनदा विचारलं. दोनदा नाही म्हणे.’’

‘‘मंग?’’ अर्पितानं विचारलं.

‘‘मंग काय. उमर कमी, म्हणून सूजच असंन म्हणतात. उद्यापासून सुजेचं जोराचं औषध सुरू करतीन. पण सूज नसली त त्या औषधानं नुकसान बी होते म्हणे, अन् जे द्यायले पायजे ते राहून जाते. पुन्हा मेंदूले झटका आला त...’’  गझाला पदर तोंडाला लावून उभी राहिली.

काकू म्हणाली, ‘‘देव पाह्यते सगळं. चाल अर्पिता, गाडी निघून जाईन.’’

स्टँडवर पांढरकवड्याची गाडी लागलेलीच होती. माणसं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होती. अर्पितानं दोन जागा धरल्या आणि खाली येऊन पाहते तो काकू खांबाला पाठ लावून जमिनीवर बसलेली.

‘‘आई, चक्कर आली काय?’’

‘‘त्यानं नाही काहून म्हटलं असंन वो?’’

अर्पिता तिच्याजवळ बसली.  ‘‘मले मालूम आहे,’’ ती म्हणाली. ‘‘म्या सैपाकखोलीतून पाह्यलं होतं. दुसऱ्यांदा तुमी पाय टेकून जोर लावला.’’

‘‘तू आतापोतर बोलली काहून नाही?’’

‘‘मले वाटलं तुमी बोलान.’’

आपल्याच घरातली पोर इतके दिवस आपली वाट पाहत होती, हे ऐकून काकूनं तोंड पदरात घातलं. गिरणीत, पाणवठ्यावर आपण जे जे बोललो ते हिनं मागे उभी राहून ऐकलं, सगळं. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी त्या दोघींच्या रुमालांसकट निघून गेली.

दोघी परत दवाखान्यात आल्या तर डॉक्टरीणबाई व्हरांड्यातच भेटल्या, दोन शिकाऊ डॉक्टरांशी बोलत चाललेल्या. काकू त्यांच्या वाटेत उभी राहिली. गझाला बाकावर होती, तिनं वर पाहिलं.

‘‘बाई, नासिरची मान म्या फिरवली,’’ काकू म्हणाली.

‘‘कधी?’’

‘‘पडायच्या दोन दिवस आधी.’’

‘‘कशी फिरवली? दाखवा.’’

काकूला वाटलं होतं बाई रागावतील. त्या रागावल्या नाहीत, पुन्हा म्हणाल्या, ‘‘दाखवा. कोणत्या बाजूला, किती.’’

तेव्हा काकूनं दोन्ही हात वर उचलले. एक हात नसलेल्या हनुवटीखाली ठेवला, दुसरा नसलेल्या डोक्यामागे. पेशंट थांबले, झाडणारी बाई झाडू धरून थांबली. काकूनं हात फिरवले. आवाज आला नाही म्हणून पुन्हा फिरवले तेही दाखवलं. त्या वेळी तिचे ओठ आवळले गेले, त्या दिवशी आवळले होते तसेच, आणि तिला ते स्वतःला कळलं. जन्मभर जिच्यापुढे लोक पालथे झाले, ती बाई परक्या व्हरांड्यात हवेत हात धरून उभी होती आणि ते खाली कधी आणावेत हे तिला समजत नव्हतं.

‘‘दुसऱ्यांदा काहून?’’ हा प्रश्न गझालाचा होता.

काकूनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. खोटं सुचलं होतं. आखडलेली होती म्हणून, असं म्हणता आलं असतं. ती म्हणाली, ‘‘बाया पाहून राह्यल्या होत्या म्हणून.’’

गझाला उठली आणि आत निघून गेली.

डॉक्टरीणबाईंनी सुजेचं औषध थांबवलं आणि दुसरा एमआरआय सांगितला, या वेळी मानेचा. शिकाऊ मुलांना त्या समजावत होत्या तेव्हा अर्पितानं ऐकलं आणि नंतर सासूला समजेल अशा शब्दांत सांगितलं. पहिल्या फोटोत नसेतून रक्त कुठपर्यंत पोचतं तेवढं दिसलं, म्हणजे पाटाचं पाणी दिसलं, पाट दिसला नाही. आता वाहतं रक्त काळं करून टाकतात, मग नसेची भिंत उठून दिसते. चरबी असली तर भिंतीला एका अंगानं ओबडधोबड ढेप दिसते. सूज असली तर भिंत चौफेर सारखी जाड होते आणि औषध टोचल्यावर कड्यासारखी उजळते. आणि फाटली असेल तर भिंतीच्या आत शिरलेलं रक्त पांढरं दिसतं.

नासिरला आत नेलं. दार बंद झालं आणि मशीन ठोकायला लागली. रिकाम्या टिनावर कुणी हातोडी मारावी तसा आवाज भिंतीतून येत होता. गझाला बाकाच्या एका टोकाला, काकू दुसऱ्या टोकाला. मध्ये अर्पिता.

त्या बाकावर बसून काकूच्या मनात काय आलं ते तिनं पुढे अर्पिताला सांगितलं, आणि अर्पितानं मला. काकू देवाला म्हणत होती, खर्ऱ्याचं निघू दे. त्याच्या नसेत चरबीच निघू दे, ढेप निघू दे. दुसरं नाहीच काही तर सूज निघू दे. ज्या माणसानं नाकात नळी असताना तिचं नाव झाकलं, त्याच्या अंगात जन्मभराचा रोग निघावा म्हणून ती हात जोडून बसली होती. हे मागणं काय आहे हे तिला समजत होतं. समजूनही ती मागत होती. मशीन थांबली तरी तिचे हात जोडलेलेच होते.

डॉक्टरीणबाईंनी त्या तिघींना पडद्यापुढे बोलावलं. मानेचा आडवा काप होता, मुळ्याच्या चकतीसारखा. दोन बाजूंना दोन नसा, दोन काळे ठिपके. उजवा ठिपका गोल, चांगला. डावा चेपून बारीक झालेला, आणि त्याच्या एका कडेला चिकटून पांढरीशुभ्र चंद्रकोर.

‘‘हे भिंतीतलं रक्त,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आतला पदर फाटला, रक्त भिंतीत घुसलं, म्हणून वाट बारीक झाली. सूज नाही. चरबी नाही. आता रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या. बहुतेकांची नस काही महिन्यांत भरून येते.’’

‘‘माह्या हातानंच झालं ना बाई?’’

बाईंनी चंद्रकोरीवर बोट ठेवलं. ‘‘कशानं फाटली ते चित्र सांगत नाही. फाटली एवढंच सांगतं. कधी कधी आपोआप फाटते. आधीच फाटली असेल आणि त्यानंच मान दुखत असेल, असंही होतं. पण झटक्यानं फाटते हे आम्हाला माहीत आहे. वेळेवर सांगितलंत. आणखी उशीर नको होता.’’

वेळेवर हा शब्द काकूला लागला. वेळ तिला माहीत होती. गिरणीत बोलत होती ती वेळ, पाणवठ्यावर बोलत होती ती वेळ. गझालानं पडद्यावरून नजर काढली नाही. ती एवढंच म्हणाली, ‘‘डबा घेऊन जा मावशी. यायले गिळता येत नाही.’’

नासिर महिन्याभरानं घरी आला. काठीनं चालायला लागला. उचकी गेली, पण आवाज तसाच घोगरा राहिला आणि डाव्या गालाला ऊन-गार कळेनासं झालं. गावानं मात्र आपल्या सोयीचं तेवढंच उचललं. डॉक्टरीणच म्हणाली की आपोआप फाटते. मग काकूचा काय दोष? माणसं तिच्या तोंडावर हे बोलत, प्रेमानं बोलत. पहाटे उंबऱ्याजवळ पुन्हा कुणी येऊन बसे. काकू दार उघडत नसे.

कपाशी उपटायच्या दिवसांत ती नासिरच्या दुकानात गेली. तो पाटावर बसून पंपाचा नोझल फुंकत होता.

‘‘या मावशी. चहा घेता? मले एकाच गालानं गरम लागते, म्हणून गझाला अर्धाच कप देते.’’

काकू हसली नाही. ‘‘तू नाही काहून म्हटलं, नासिर?’’

त्यानं नोझल फडक्यावर ठेवला. ‘‘तुमचं नाव खराब झालं असतं. अन् खरं सांगू? मले बी शरम वाटली. मी मशीनचा माणूस. लोकायले म्हणतो, जबरदस्ती करू नका, गंजला नट आहे, तेल सोडा, थांबा. अन् माह्याच मानेले म्या झटका मारू देल्ला. डॉक्टरले कसं सांगू?’’

‘‘मले शिव्या दे.’’

‘‘देऊन काय होते? तुमचं मन हलकं होईन, अन् तुमी घरी जाऊन आराम करान.’’ आवाज घोगरा असल्यानं तो चिडला की थट्टा करतोय ते कळत नव्हतं. ‘‘मावशी, पुढच्या हंगामात पुन्हा माना धरतीन. तुमी नाही म्हटलं त दुसरा कोनी फिरवंन. म्या सांगतलं त म्हणतीन, मिस्त्रीचं डोकं गेलं. तुमी सांगतलं त ऐकतीन.’’

काकू उठून आली.

पुढच्या भादव्यात माना धरल्याच. एका सकाळी विमलताई आली, पाटलाच्या भावकीतली, मान एका खांद्याकडे पडलेली. काकूनं दार उघडलं आणि म्हणाली, ‘‘म्या मान फिरवणं सोडलं. दवाखान्यात जा.’’

‘‘नका करू. भाव खाऊन राह्यल्या,’’ विमलताई तडकून म्हणाली. ‘‘मोहद्यात एक आहे, तो फिरवते.’’ आणि पदर ओढून चालू लागली.

काकू उंबऱ्यावर उभी राहिली. विमलताई गल्लीच्या वळणापर्यंत गेली होती. दारात जे बोलायला हवं होतं ते बोललं गेलं नव्हतं. नुसतं ‘सोडलं’ म्हटलं होतं, म्हणजे तिथेही तिनं नाव वाचवलंच होतं. काकू अनवाणी खाली उतरली.

‘‘विमल, थांब.’’

विमलताई थांबली नाही. पानठेल्यापाशी माणसं उभी होती, ऑटोची वाट पाहत. काकू तिथपर्यंत गेली, आणि सगळ्यांच्या देखत, श्वास लागलेला असताना, म्हणाली, ‘‘विमल, म्या नासिरची नस फाडली. पहिल्या झटक्याले आवाज नाही आला, बाया पाहून राह्यल्या होत्या, म्हणून म्या दुसऱ्यांदा मारला. मंग तो पडला, अन् म्या फवारणीचं नाव सांगत फिरली.’’

 विमलताईनं पदर तोंडाला लावला. ‘‘चूप बसा काकू. लोकं ऐकून राह्यले.’’

‘‘ऐकू दे.’’

ऑटो आला, घरघरत उभा राहिला. ऑटोवाल्यानं विचारलं, मोहद्याचं कोण आहे? काकूची मान खाली होती, कान लाल झाले होते, पण ती रस्त्यातून हलली नाही. विमलताईनं एकदा ऑटोकडे पाहिलं, एकदा काकूकडे. मग तिनं आपल्याच हातानं आपली दुखरी मान धरली आणि ऑटोवाल्याला म्हणाली, ‘‘तू जा बापू.’’